क्वांटम त्रुटिनिवारणात सॉफ्टवेअर अभियंत्याचे काम

क्वांटम संगणकातला क्युबिट सहज बिघडतो. आजच्या चांगल्या यंत्रांवरही दोन क्युबिटांमधली एक क्रिया हजारांत एकदा किंवा काहीशेंत एकदा चुकते. उपयोगी ठरतील अशा गणनांना मात्र अब्जावधी क्रिया बिनचूक व्हाव्या लागतात. २०४८ बिटांची आरएसए किल्ली फोडण्याचे उदाहरण घेता येईल. २०१९ मध्ये क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांनी मांडलेल्या हिशेबानुसार त्यासाठी दोन कोटी क्युबिट आणि आठ तास लागणार होते. २०२५ मध्ये गिडनी यांनी केलेल्या नव्या हिशेबात दहा लाखांहून कमी क्युबिट आणि एका आठवड्याहून कमी वेळ पुरतो. दोन्ही हिशेबांत क्युबिटांची गुणवत्ता सारखीच धरली आहे. सुधारणा झाली ती त्रुटिनिवारणाच्या आणि गणनेच्या रचनेत. ही रचना आखणे, तपासणे आणि यंत्रावर चालवणे या कामाचा मोठा भाग सॉफ्टवेअरचा आहे, आणि त्यासाठी भौतिकशास्त्रात पीएच.डी. केलेलीच असावी अशी अट नाही.

समस्येचे स्वरूप

साध्या संगणकात माहिती सांभाळायची तर तिच्या प्रती काढतात. क्युबिटाच्या अज्ञात अवस्थेची प्रत निघत नाही आणि थेट मोजमाप केले तर ती अवस्थाच नष्ट होते. या दोन अडचणींमुळे क्वांटम त्रुटिनिवारण अशक्य आहे असे अनेकांना वाटत होते. १९९५ मध्ये पीटर शोर यांनी नऊ क्युबिटांचा कोड मांडून वाट दाखवली. पुढच्याच वर्षी अँड्र्यू स्टीन यांचा सात क्युबिटांचा कोड आला.

यातली युक्ती अशी की क्युबिट एकेकटे मोजायचेच नाहीत. त्यांच्या ठरावीक गटांची फक्त सम-विषमता मोजायची. या मोजमापातून साठवलेली माहिती उघड होत नाही, पण बिघाड कुठे झाला असावा याचा माग लागतो. शिवाय क्युबिटात झालेला लहानसा, सलग बदलही या मोजमापामुळे 'बिट उलटला', 'फेज उलटली' किंवा 'काहीच झाले नाही' अशा सुट्या पर्यायांत येऊन बसतो. अशा गट-मोजमापांना स्टॅबिलायझर म्हणतात आणि त्यांच्या उत्तरांच्या संचाला सिंड्रोम. डॅनियल गॉट्समन यांनी १९९७ च्या प्रबंधात या सगळ्याला व्यवस्थित गणिती रूप दिले. ते गणित बहुतांशी शून्य आणि एक यांच्या सारणींचे आहे. प्रोग्रामरला या विषयात शिरायला सर्वांत सोपा दरवाजा तोच.

सध्या सर्वाधिक अभ्यासलेला कोड म्हणजे सरफेस कोड. त्याचे मूळ अलेक्सेई किटाएव यांच्या कामात आहे. यात क्युबिट एका सपाट जाळीवर मांडतात आणि प्रत्येक मोजमाप फक्त शेजारच्या क्युबिटांचे असते. कोडची ताकद 'अंतर' या संख्येने सांगतात. प्रचलित मांडणीत लागणाऱ्या क्युबिटांची संख्या अंतराच्या वर्गाच्या दुपटीहून एकने कमी असते: अंतर ३ ला १७, अंतर ५ ला ४९, अंतर ७ ला ९७. भौतिक त्रुटींचा दर एका उंबरठ्याखाली, म्हणजे सरफेस कोडसाठी सुमारे एक टक्क्याखाली असेल, तर अंतर वाढवत नेल्यावर तार्किक क्युबिटाची, म्हणजे अनेक भौतिक क्युबिट मिळून साकारलेल्या एका संरक्षित क्युबिटाची, त्रुटी झपाट्याने घटते. दर उंबरठ्याच्या वर असेल तर अंतर वाढवून नुकसानच होते.

गूगलने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विलो चिपवरच्या प्रयोगात हे स्पष्ट दिसले. अंतर दोनने वाढवले की तार्किक त्रुटी २.१४ पटींनी कमी होत होती, आणि अंतर ७ ला ती मोजमापांच्या दर फेरीमागे ०.१४३ टक्के होती. याच वेगाने घट होत राहिली तर दहा लाखांत एक एवढ्या त्रुटीसाठी अंतर २७, म्हणजे १,४५७ क्युबिट लागतात. हा आकडा अभियंत्याने लक्षात ठेवावा. घटीचा गुणक थोडा सुधारला तरी प्रत्येक तार्किक क्युबिटामागे शेकडो क्युबिट वाचतात, आणि हा गुणक हार्डवेअरइतकाच डिकोडरवरही अवलंबून असतो.

डिकोडर आणि त्याची घाई

सिंड्रोम पाहून कोणता बिघाड झाला असावा हे ठरवणारा प्रोग्राम म्हणजे डिकोडर. एकाच सिंड्रोममागे अनेक वेगवेगळे बिघाड असू शकतात. त्यांतून संभाव्यतेच्या आधारे निवड करावी लागते. मोजमापेही चुकतात, म्हणून ती पुन्हा पुन्हा करतात आणि लागोपाठच्या दोन फेऱ्यांत उत्तर बदलले का ते पाहतात. या तुलनेला डिटेक्टर म्हणतात. सरफेस कोडमध्ये बहुतेक एकेकटे बिघाड दोन डिटेक्टर पेटवतात. त्यामुळे हा प्रश्न आलेखातले बिंदू कमीत कमी खर्चात जोडीने जुळवण्याचा होतो. जॅक एडमंड्स यांनी १९६५ मध्ये दिलेला ब्लॉसम अल्गोरिदम इथे थेट कामी येतो.

अतिवाहक क्युबिटांच्या यंत्रावर अशी एक फेरी सुमारे एका मायक्रोसेकंदात संपते. अंतर २५ च्या एका तार्किक क्युबिटात दर फेरीला ६२४ मोजमापे होतात. असे हजार तार्किक क्युबिट असतील तर सेकंदाला सुमारे ७८ गिगाबाइट सिंड्रोम वाहत येतो. डिकोडर त्याच्या मागे पडला तर साठा तुंबतो. काही क्रियांत पुढचे पाऊल आधीच्या निकालावर ठरत असल्याने हा तुंबा प्रत्येक अशा क्रियेबरोबर वाढत जातो आणि गणनेचा सगळा वेगच गमावला जातो. बार्बरा टेरहाल यांनी २०१५ च्या आढाव्यात हा धोका नेमका मांडला होता. आयन आणि उदासीन अणूंच्या यंत्रांची फेरी बरीच सावकाश असते. तिथे वेगाचा ताण कमी पडतो आणि अचूकतेला अधिक वाव मिळतो.

बहुतेक बिघाड प्रत्यक्ष क्युबिटावर दुरुस्त करावे लागत नाहीत. कोणत्या क्युबिटावर कोणता बदल बाकी आहे याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये ठेवून पुढच्या मोजमापाचा अर्थ त्यानुसार लावला की पुरते. या नोंदीला पाउली फ्रेम म्हणतात.

कामाचे प्रकार

सिम्युलेशन. त्रुटिनिवारणाची सर्किटे बहुतांशी क्लिफर्ड नावाच्या ठरावीक प्रकारच्या क्रियांची असतात आणि गॉट्समन–निल प्रमेयानुसार ती साध्या संगणकावर वेगाने चालवता येतात. गिडनी यांनी २०२१ मध्ये मांडलेला स्टिम हा या कामाचा आजचा मुख्य मुक्तस्रोत प्रोग्राम आहे. अंतर १०० चे सर्किट, ज्यात २० हजार क्युबिट, ८० लाख क्रिया आणि दहा लाख मोजमापे आहेत, तो १५ सेकंदांत अभ्यासतो आणि मग सेकंदाला हजार या दराने नमुने देतो. सर्किट एकदाच बिघाडाविना चालवायचे आणि नंतर फक्त बिघाडांचा प्रवास मोजायचा, हे या वेगाचे रहस्य आहे. प्रोसेसरच्या एका सूचनेत अनेक नमुने एकदम पुढे ढकलले जातात. नवे त्रुटी-नमुने आणणे, क्युबिट शून्य-एक सोडून तिसऱ्या पातळीवर निसटण्यासारखे चौकटीबाहेरचे बिघाड हाताळणे, अशी कामे इथे आहेत.

डिकोडर. ऑस्कर हिगॉट यांचा पायमॅचिंग हा जोड्या जुळवणारा प्रचलित डिकोडर आहे. ०.१ टक्के त्रुटी असताना त्याची दुसरी आवृत्ती अंतर १७ चे सर्किट एकाच कोअरवर दर फेरीमागे एका मायक्रोसेकंदाहून कमी वेळात सोडवते. युनियन-फाइंड पद्धत त्याहून साधी आणि हार्डवेअरवर उतरवायला सोयीची, पण अचूकतेत किंचित कमी. गूगल डीपमाइंडचा अल्फाक्युबिट न्यूरल नेटवर्क वापरून अचूकता वाढवतो, पण त्याचा वेग अतिवाहक यंत्रांना पुरेसा नव्हता. आयबीएमने २०२४ मध्ये नेचरमध्ये मांडलेल्या कोडमध्ये २८८ क्युबिटांत १२ तार्किक क्युबिट मावतात. तिथे एक बिघाड दोनाहून अधिक डिटेक्टर पेटवतो, त्यामुळे जोड्या जुळवणे पुरत नाही. मोबाइल आणि वायफाय संदेशवहनात वापरली जाणारी बिलीफ प्रॉपगेशन पद्धत सुधारून घ्यावी लागते. दूरसंचार क्षेत्रात असे डिकोडर लिहिलेल्या अभियंत्याला या दालनात सरळ प्रवेश आहे.

रिअल-टाइम नियंत्रण. सिंड्रोम यंत्रातून बाहेर काढणे, डिकोडरपर्यंत पोचवणे आणि निकाल वेळेत परत नेणे हे एकत्रित काम आहे. विलोच्या प्रयोगात अंतर ५ ला सरासरी ६३ मायक्रोसेकंदांचा विलंब साधला गेला, तर फेरी १.१ मायक्रोसेकंदांची होती. आलेला डेटा कालखंडांच्या खिडक्यांत तोडून समांतर सोडवणे, एफपीजीएवर डिकोडर बसवणे, विलंबाची सरासरी नव्हे तर त्याचे सर्वांत वाईट मूल्य आवरणे, हे इथले रोजचे प्रश्न आहेत. शेअर बाजारातील वेगवान व्यवहारप्रणाली, नेटवर्क कार्डे किंवा एम्बेडेड प्रणालींवर काम केलेल्यांचे कौशल्य इथे जसेच्या तसे उपयोगी पडते.

कंपायलर आणि संसाधनांचा अंदाज. गणनेचे रूपांतर तार्किक क्युबिटांवरच्या क्रियांत करणे, जाळीवर त्यांना जागा देणे, मॅजिक स्टेट नावाच्या खास अवस्था बनवणाऱ्या विभागांचे वेळापत्रक लावणे आणि शेवटी क्युबिट व वेळ यांचा हिशेब मांडणे, असे हे काम आहे. कंपायलर लिहिणाऱ्यांना यातले बरेच ओळखीचे वाटेल.

प्रयोगांच्या डेटाचे विश्लेषण. यंत्रावरच्या खऱ्या बिघाडांचे स्वरूप कागदावरच्या नमुन्यापेक्षा वेगळे असते. विलोवर अंतर २९ पर्यंतच्या साध्या पुनरावृत्ती कोडची लांबलचक चाचणी घेतली, तेव्हा सुमारे तासाला एकदा होणारा, अनेक क्युबिटांना एकदम बिघडवणारा प्रकार उघड झाला. अशी दुर्मीळ घटना ओळखायला काटेकोर नोंदी आणि विश्लेषणाची भक्कम साधने लागतात.

आधी काय यायला हवे

गणितात शून्य-एकच्या क्षेत्रावरील रेषीय बीजगणित, संभाव्यताशास्त्र आणि आलेखांचे अल्गोरिदम एवढा पाया पक्का असावा. क्वांटमच्या बाजूने क्युबिट, पाउली क्रिया, क्लिफर्ड क्रिया, मोजमाप आणि एकमेकांत गुंतलेल्या (एंटँगल्ड) अवस्था एवढे आधी समजले तरी सुरुवात होते. श्रोडिंगर समीकरण सोडवण्याची वेळ या कामात फारशी येत नाही. मायकेल नीलसन आणि आयझॅक चुआंग यांच्या प्रसिद्ध पाठ्यपुस्तकातील त्रुटिनिवारणाचे प्रकरण आणि त्यानंतर गॉट्समन यांचा प्रबंध हा वाचनाचा चांगला क्रम आहे. सरफेस कोडसाठी ऑस्टिन फाउलर आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा विस्तृत लेख वाचावा.

प्रोग्रामिंगमध्ये पायथॉन आणि त्याच्या जोडीला सी++ किंवा रस्ट यायला हवी. प्रयोग पायथॉनमध्ये लिहिले जातात, वेगाचा गाभा दुसऱ्या भाषेत असतो. मेमरीची मांडणी, प्रोफायलिंग आणि समांतर प्रक्रिया यांची जाण असावी. रिअल-टाइम बाजूला जायचे असेल तर व्हेरिलॉगसारखी हार्डवेअर-वर्णनाची भाषा शिकून घ्यावी.

सरावाचा क्रम

पहिला सराव पुनरावृत्ती कोडचा असावा. तीन बिटांवर बहुमताने निर्णय घेणारा प्रोग्राम लिहावा. प्रत्येक बिट १० टक्के वेळा उलटत असेल तर निर्णय २.८ टक्के वेळा चुकतो. पाच बिटांना ही चूक ०.८५६ टक्क्यांवर येते. हे आकडे कागदावर काढता येतात, म्हणून प्रोग्रामचे उत्तर त्यांच्याशी ताडून पाहावे.

दुसऱ्या टप्प्यात मोजमापांच्या चुका आणि अनेक फेऱ्या आणाव्यात. हे सर्किट स्टिममध्ये स्वतः लिहावे. तयार सर्किट मिळते, पण डिटेक्टर स्वतः मांडल्याशिवाय त्यांचा अर्थ उमगत नाही. नमुने पायमॅचिंगकडून सोडवून घ्यावेत. तिसऱ्या टप्प्यात अंतर ३, ५ आणि ७ चे सरफेस कोड वेगवेगळ्या त्रुटीदरांवर चालवून आलेख काढावा. रेषा एकमेकींना जिथे छेदतात तिथे उंबरठा असतो. चौथ्या टप्प्यात युनियन-फाइंड डिकोडर स्वतः लिहून त्याची अचूकता आणि वेग पायमॅचिंगशी ताडावा. पाचव्या टप्प्यात गूगलने आपल्या प्रयोगांसोबत खुला केलेला डेटा घेऊन त्यावर आपला डिकोडर चालवावा. एवढे काम नीट लिहिलेल्या चाचण्यांसह दाखवता आले तर ते नोकरीच्या अर्जात कोणत्याही प्रमाणपत्राहून अधिक वजनदार ठरते.

काम बरोबर झाले का, हे कसे ताडावे

या क्षेत्रातील सर्वांत मोठी अडचण ही की प्रोग्राममधली चूक बिघाडासारखीच दिसते. प्रोग्राम कोसळत नाही आणि चूक कुठे आहे याचा संदेशही देत नाही. तार्किक त्रुटी जराशी वाढते, आणि तिचे खापर यंत्रावर किंवा कोडवर फुटते. म्हणून चाचण्यांची शिस्त इथे इतर क्षेत्रांपेक्षा अधिक मोलाची आहे, आणि अनुभवी सॉफ्टवेअर अभियंता गटाला जे सर्वाधिक देऊ शकतो ते हेच.

पहिली चाचणी: त्रुटीदर शून्य ठेवल्यावर एकही डिटेक्टर पेटता कामा नये आणि तार्किक उत्तर दर वेळी तेच यावे. दुसरी: अंतर ३ किंवा अधिक असेल तर सर्किटातील प्रत्येक एकेकटा बिघाड मुद्दाम घालून पाहावा, डिकोडरने तो हमखास सुधारायला हवा. तिसरी: तार्किक चूक घडवायला कमीत कमी किती बिघाड लागतात हे सर्किटावरच शोधावे. सम-विषमता मोजताना क्रियांचा क्रम चुकला तर मोजणाऱ्या क्युबिटातला एक बिघाड दोन क्युबिटांवर पसरतो आणि कोडचे खरे अंतर जवळपास निम्म्यावर येते. कोडची व्याख्या पाहून हा दोष दिसत नाही, सर्किट तपासल्यावरच सापडतो.

चौथी चाचणी उताराची. कमी त्रुटीदरांवर दोन्ही अक्ष लॉगरिदमचे ठेवून आलेख काढला तर अंतर ३ चा उतार २ च्या आणि अंतर ५ चा ३ च्या जवळ यायला हवा. उतार कमी भरला तर डिकोडर किंवा सर्किट कुठेतरी ताकद गमावत आहे. पाचवी: एकच सर्किट दोन स्वतंत्र डिकोडरांकडून सोडवून घ्यावे आणि जिथे उत्तरे वेगळी येतात ते नमुने एकेक करून पाहावेत.

आकडेवारीत प्रामाणिकपणा हवा. अंदाजात दहा टक्क्यांच्या आसपास अचूकता हवी असेल तर सुमारे शंभर अपयशे मोजावी लागतात. दहा लाखांत एक त्रुटी असेल तर त्यासाठी दहा कोटी नमुने लागतात. त्याहून दुर्मीळ चुकांसाठी खास नमुना-पद्धती वापराव्यात किंवा मोजलेल्या आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधावा, पण तो अंदाज असल्याचे स्पष्ट लिहावे. प्रत्येक आकड्यासोबत अनिश्चिततेची मर्यादा द्यावी. त्रुटी एका फेरीमागची की संपूर्ण प्रयोगामागची, बिटांची की फेजची की दोन्हींची, हे सांगितल्याशिवाय तुलना करू नये. न्यूरल डिकोडर ज्या डेटावर शिकवला त्याच डेटावर तपासू नये. आलेख मनासारखा दिसला म्हणून मध्येच नमुने घेणे थांबवणे टाळावे. यादृच्छिक बीज, आवृत्ती आणि त्रुटी-नमुना यांची नोंद ठेवली तर निकाल सहा महिन्यांनीही पुन्हा मिळवता येतो.

कामाच्या जागा

या विषयातील मोठे गट गूगलच्या कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील प्रयोगशाळेत, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन आणि क्वांटिन्यूम येथे आहेत. केंब्रिज येथील रिव्हरलेन ही कंपनी मुख्यतः डिकोडर आणि त्याचे हार्डवेअर यांवर काम करते. पॅरिसची अ‍ॅलिस अँड बॉब बिट उलटण्याला मुळातच दाद न देणारे क्युबिट बनवते, तर बोस्टनची क्युएरा उदासीन अणूंची यंत्रे. यंत्राचा प्रकार बदलला की सॉफ्टवेअरच्या गरजाही बदलतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या यंत्राची फेरी किती वेळाची, त्यात कोणते बिघाड अधिक, आणि कोणते क्युबिट एकमेकांशी जोडता येतात, एवढे तरी वाचून जावे.

भारतात केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. आठ वर्षांत ५० ते १,००० भौतिक क्युबिटांचे संगणक उभारणे हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. क्वांटम संगणनाचे केंद्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे. महाराष्ट्रात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिवाहक क्युबिटांवर काम चालते. २०२४ मध्ये ही संस्था, पुण्यातील डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा आणि टीसीएस यांनी मिळून सहा क्युबिटांच्या प्रोसेसरची संपूर्ण चाचणी पूर्ण केली. पुण्याच्या आयसर संस्थेतही क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. नियंत्रण-प्रणाली, एफपीजीए आणि डेटा-विश्लेषण जाणणाऱ्यांना अशा प्रयोगशाळांत काम शिकायला मिळते. त्रुटिनिवारणाची सिम्युलेशन आणि डिकोडर यांसाठी मात्र यंत्र जवळ असण्याची गरज नाही. एक चांगला लॅपटॉप पुरतो. स्टिम आणि पायमॅचिंग हे प्रकल्प खुले असल्याने दोष नोंदवणे, चाचण्या लिहिणे, दस्तऐवज सुधारणे यांपासून सुरुवात करता येते.

गटात भौतिकशास्त्रज्ञ, गणितज्ञ आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंते एकत्र काम करतात. संशोधकाने आठवडाभरात लिहिलेला प्रोग्राम पुढे वर्षभर अनेकांनी वापरण्याजोगा करणे ही सॉफ्टवेअर अभियंत्याची जबाबदारी असते. त्यासाठी संशोधनलेख वाचण्याची सवय लावून घ्यावी. आधी त्यातला त्रुटी-नमुना पाहावा, मग सर्किट, मग डिकोडर आणि शेवटी आलेख. त्रुटी-नमुना सौम्य धरला असेल तर आलेखातले आकडे इतर लेखांशी ताडता येत नाहीत.

कोणता कोड आणि कोणते यंत्र शेवटी टिकेल हे अजून ठरलेले नाही. सरफेस कोडवर बांधलेली साधने काही वर्षांत बाजूला पडू शकतात. म्हणून एखाद्या कोडशी बांधिलकी ठेवण्यापेक्षा स्टॅबिलायझरचे गणित, आलेखांचे अल्गोरिदम, विलंब आवरण्याचे तंत्र आणि आकडेवारीची शिस्त यांत वेळ घालावा. कोड आणि यंत्र दोन्ही बदलले तरी ही चार कौशल्ये जशीच्या तशी पुढे नेता येतात.